झिजल्या दातांचा डॉक्टर

दातांच्या दवाखान्याचं एक वेगळंच असतं. खुर्चीत बसलेल्या माणसाचं तोंड उघडं असतं तोवर त्याला बोलता येत नाही, आणि एकदा तोंड मिटलं की इतका वेळ अडवून धरलेलं सगळं तो ओतून टाकतो. सासूचं, शेताचं, साहेबाचं. बाहेरच्या बाकावरचे लोक ते ऐकतात आणि त्यात स्वतःचं घालतात. रोज असं चाललं की किस्से साठायला काय वेळ लागतो? आमच्या मानवत गावच्या दवाखान्यात साच्यांचं प्लास्टर संपायचं, किस्से संपायचे नाहीत.

दादाला जाऊन अजून महिना झालेला नाही. दवाखाना बंद आहे, पण बाक मी आत घेतलेला नाही. संध्याकाळी माणसं येतात, बसतात. मग कुणीतरी म्हणतं, “बबन, ते आडतीवाल्या शेठचं सांग की.” मी सांगतो. न सांगून काय करू? घरात गेलो तर वहिनी समोर असते.

दादा म्हणजे डॉक्टर यशवंत, माझा थोरला भाऊ. आमच्या बौद्धवाड्यातला मुंबईला शिकायला गेलेला पहिला माणूस. माझी शाळा चौथीतच सुटली. मास्तरांनी छडी मारली, मी पाटी फेकली, आणि नंतर आम्ही दोघांनीही एकमेकांना बोलावलं नाही. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर दादानं मानवतला करीमचाचांच्या सायकलच्या दुकानाशेजारची खोली घेतली. पुढं खुर्ची, मागं माझी जागा. साचे ओतायचे, दात घासायचे, पॉलिश करायचं, हे माझं काम. माझा हात चालतो, एवढं दादा माझ्याबद्दल म्हणायचा. जास्त काही म्हणायचा नाही.

तेव्हा दातांचा डॉक्टर म्हणजे दात उपटणारा, एवढंच लोकांना माहीत. दादाला उपटायचा कंटाळा. “उपटायला पकड लागते,” तो म्हणायचा, “ठेवायला डोकं लागतं.” आपल्याकडं दात किडण्याआधी झिजतात. भाकरीत जात्याची कच, वरून मिस्री, राखुंडी, सुपारी. दुष्काळात खडी फोडायला गेलेल्यांच्या तोंडात तर धूळच जास्त गेली. असे झिजून खुंट झालेले दात पुन्हा उंच करायचे, त्यांना टोप्या चढवायच्या, माणसाचं तोंड पुन्हा तोंडासारखं करायचं, ही दादाची हौस.

आणि या माणसाचे स्वतःचे वरचे दात अर्धे झिजलेले होते. झोपेत तो दात खायचा. करकर आवाज माझ्या खोलीपर्यंत यायचा. हसायचा तो ओठ मिटून. लग्नाच्या फोटोतसुद्धा ओठ मिटलेले. आपला भाऊ मोकळा हसताना कसा दिसतो, ते मी पाहिलेलं नव्हतं. म्हणून त्याचे दात मला करायचे होते. मी सारखा मागं लागायचो.

“माझ्या तोंडात बघायला दुसरा डॉक्टर पाहिजे. इथं कुठं हाय तो?” दादा म्हणायचा.

“मी हाय की.”

“तू आधी दोन दातांतली फट सारखी ठेवायला शीक.”

मी फट सारखी ठेवायला शिकलो. मग म्हणाला, चावा जुळवायला शीक. तेही शिकलो. मग म्हणाला, आता पेशंट लय हायेत, उद्या बघू.

०

दात बघून दादा माणसाचा धंदा सांगायचा. शिंप्याच्या समोरच्या दाताला दोरा तोडून तोडून खाच पडलेली असते. सुतार खिळे तोंडात धरतो, त्याचा एक कोपरा उडालेला असतो. बिडीवाल्याचं तर बोलायलाच नको. ही गोष्ट गावात पसरली आणि भलतंच झालं.

एक गृहस्थ एका तरुण पोराला घेऊन आले. पोराला खुर्चीत बसवलं आणि दादाच्या कानाशी लागले. “डाक्टरसाब, याला आमची पोरगी द्यायची हाय. पोरगा मनतो सुपारीचं खांडबी खात न्हाई. तुमी जरा तोंड बगून सांगा, काय काय करतो ते.”

पोरगा बिचारा घामाघूम. त्यानं तोंड उघडलं. मी मागून डोकावून बघितलं. मला जे दिसलं ते दादाला दिसलं नसेल असं कसं होईल? दादानं आरसा आतून फिरवला, बत्ती मारली आणि म्हणाला, “दात चांगले हायेत.”

“ते झालं. पर सवयी?”

“तोंड त्याचं हाय. आत काय दिसलं ते मी बाहेर सांगत न्हाई.”

गृहस्थ ऐकेनात. बाप हाय मी पोरीचा, मला कळायला न्हाई पाहिजे का, असं सुरू झालं. मला तर वाटलं होतं सांगून टाकावं आणि मोकळं व्हावं. दादानं मात्र पोराला उठवलं आणि त्यांना म्हणाला, “बसा तुमी.”

“मी कशाला?”

“बसा तर.”

ते बसले. दादानं त्यांचं तोंड बघितलं. तंबाखूनं दात हिरड्यांपर्यंत गेलेले, एका बाजूला चुन्यानं गाल भाजलेला. दादानं बत्ती विझवली आणि शांतपणे विचारलं, “तुमच्या सासऱ्यानं कोणत्या डॉक्टरला विचारलं होतं?”

पोराचं लग्न झालं. सासऱ्याच्या दातांचं कामही आमच्याकडंच झालं. दर खेपेला सासऱ्याला घेऊन जावईच यायचा.

०

आमच्या खोलीत उजेड नव्हता. लाइट असली तर बल्बच्या उजेडात सगळेच दात पिवळे दिसत, आणि लाइट नसली तर काहीच दिसत नसे. दाताचा रंग जुळवायचा तर दिवसाचा उजेड लागतो. म्हणून दादा पेशंटला रस्त्यावर काढायचा. करीमचाचांच्या दुकानासमोर स्टूल ठेवायचा, आणि वेगवेगळ्या रंगाच्या नमुन्याच्या दातांची पट्टी माणसाच्या ओठाशी धरून बघायचा.

भर रस्त्यात माणूस तोंड वासून बसलेला म्हटल्यावर गर्दी होणारच. हमाल थांबत, बाजारातून चाललेल्या बाया थांबत, सायकलची हवा भरायला आलेले सायकल तशीच सोडून येत.

एकदा एक तरुण मास्तर बसले होते. मुलगी बघायला जायचं होतं. त्यांच्या समोरच्या चार दातांचं काम होतं. दादानं पट्टी धरली की गर्दी पुढं सरकायची आणि मास्तरांच्या तोंडावर सावली यायची. दादा स्टूल सरकवायचा, गर्दी तिकडं सरकायची. मी ओरडलो, हात धरून दोघांना मागं ओढलं. माझीच कॉलर धरायची वेळ आली.

तेव्हा दादानं पट्टी खाली घेतली आणि लोकांना विचारलं, “मास्तरांना कसला रंग द्यावा? पांढराफेक का जराक पिवळट?”

झालं. एक म्हणाला, “पांढराच द्या, नवरदेव हाय.” दुसरा म्हणाला, “येडा हायस का? पुढचे चार पांढरे अन् बाकीचे पिवळे, तोंडात बगळे बसल्यावाणी दिसंल.” एक भाजीवाली म्हणाली, “पोरीनं काय दातंच बगायचे का? बोलतो कसा ते बगंल की.” मास्तर तोंड उघडं ठेवून डोळ्यांनीच सगळ्यांना विनवत होते.

“असं न्हाई,” दादा म्हणाला. “पांढऱ्यावाले या बाजूला व्हा. पिवळ्यावाले त्या बाजूला. मग मी मोजतो.”

लोक एकमेकांना ओढत दोन्ही बाजूंना झाले. “अरे इकडं ये, पांढऱ्यात ये.” “तू कामून तिकडं गेलास?” दादानं तेवढ्यात पट्टी धरली, एक रंग नक्की केला आणि मास्तरांना आत घेऊन गेला.

मी मागून विचारलं, “मतं मोजलीच न्हाईस की.”

“मतं कुणाला पाहिजे होती? ऊन पाहिजे होतं.”

बाहेर पांढऱ्यावाले आणि पिवळ्यावाले अजून भांडत होते. करीमचाचा पंप हातात धरून म्हणाले, “देखो, एक मास्तर के चार दांतां के वास्ते इत्ता झगडा. मेरी हवा के पैसे देनेवाला एक बी नै.”

०

आता शेठचं.

मानवत म्हणजे कापूस आणि धान्य. मदनशेठची आडत मोठी. ते माल घ्यायचे तो दातानं. पोत्यात हात घालायचा, तुरीचा दाणा काढायचा, समोरच्या दातात धरून कट्‌ करायचा. ओला का वाळलेला, ते त्यांच्या दाताला कळायचं. त्यांनी ‘वाळली’ म्हटलं की वाळली. सारा बाजार त्यांच्या दाताकडं बघून बोलायचा. असं करून करून त्यांचे समोरचे दात खुंट झाले होते.

पोराचं लग्न निघालं तेव्हा शेठाणीनं हट्ट धरला, की अशा तोंडानं व्याह्यासमोर बसायचं नाही. शेठ आले. दादानं त्यांच्या समोरच्या सगळ्या खुंटांवर टोप्या चढवल्या. सुंदर काम. टोप्या मी घासल्या होत्या म्हणून सांगत नाही. शेठाणीनं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. “बाई, पहिल्यासारखे दिसायलेत.”

लग्न झालं, तुरीचा हंगाम सुरू झाला, आणि एक दिवस शेठ तरातरा आले. मागं मुनीम.

“डाक्टर, हे दात काढा.”

“दुखायलेत?”

“दुखत न्हाईत, हीच तर तकलीफ हाय. यांला काही कळतच न्हाई. सगळी तूर वाळलेलीच लागायलीय. लोकांला हे कळलंय. ओली तूर घेऊन रांग लागलीय माझ्या दारात. बाकीच्या आडती रिकाम्या अन् माझ्याकडं जत्रा!”

मुनीम हळूच म्हणाला, “मागच्या कोठीत मोड आलेत.”

मला हसू आवरेना. दादानं माझ्याकडं अशी नजर टाकली की मी मागच्या खोलीत गेलो. दुसऱ्या दिवशी दवाखाना न उघडता दादा आडतीवर जाऊन बसला. गादीवर शेठच्या शेजारी, सकाळभर. शेठ दाणा कोणत्या बाजूला धरतात, कोणता दात लावतात, मान कशी वळवतात, हे बघत राहिला. आडतीवरच्या गादीवर आमचा माणूस बसलेला बघून काही जणांच्या भुवया वर गेल्या. शेठचं लक्ष तुरीकडं होतं.

दुपारी दादानं शेठना खुर्चीत बसवलं आणि डावीकडच्या एका दाताची टोपी काढली. फक्त एकाच दाताची. त्याचा जुना खुंट उघडा केला, गुळगुळीत केला आणि वाटीतला तुरीचा दाणा पुढं केला.

शेठनी दाणा धरला. कट्‌. डोळे मिटले. “ओली हाय.”

“बाकीचे दात लग्नाचे,” दादा म्हणाला. “हा धंद्याचा.”

तेव्हापासून शेठ फोटो काढताना उजवी बाजू पुढं करायचे आणि माल घेताना डावी.

०

ताडकळसच्या गयाबाई सुनेला घेऊन बाजाराच्या दिवशी आल्या. मिस्री लावून दात काळेभोर, आणि झिजून हिरड्यांना टेकलेले. भाकरी पाण्यात भिजवून गिळायच्या. दादानं त्यांच्यासाठी खुंटांवर बसणारी कवळी केली. गुलाबी हिरडी, दाणेदार दात. बसवली आणि आरसा हातात दिला.

गयाबाईंनी बघितलं आणि आरसा पालथा ठेवला. “हे कुनाचे दात हायेत?”

“तुमचेच, माय.”

“माझे काळे हायेत. असं पांढरं तोंड घेऊन मी गावात जाऊ? लोक मनतील, म्हातारीला नवरा पाहिजे आता.”

सून खाली बघून हसायला लागली. दादानं समजावलं, काळे दात मिळत नाहीत, चावून तर बघा. त्या घेऊन गेल्या. पण काही दिवसांनी परत आल्या आणि कवळी फडक्यातून काढून टेबलावर ठेवली.

“रोज सकाळ-संध्याकाळ मिस्री लावायलेय. रंगच धरत न्हाईत. माल कच्चा हाय तुमचा.”

मी म्हणालो, “आजी, अहो पक्का हाय म्हणून तर रंग धरत न्हाई.” त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

दादा मात्र हसला नाही. कवळी घेऊन मागं आला आणि माझ्या शेजारी बसला. त्यानं मला रंग कालवायला लावला. नुसता काळा नव्हे. मिस्रीचा काळा. काठाला दाट, मध्ये विटकरी, दोन दातांच्या मध्ये एक बारीक रेघ. चारदा पुसायला लावलं. मी वैतागलो. “इतकं कोण बघणार हाय तिच्या तोंडात?”

“ती बघणार हाय.”

गयाबाईंनी कवळी घातली, आरसा घेतला, मान इकडून तिकडून वळवली. “आता वळखू आले मी,” म्हणाल्या. पुढच्या बाजारी मुद्दाम सांगायला आल्या, की गावात कुणालाच काही कळलं नाही, शेजारणीलासुद्धा नाही. दादाला मी इतका खूश क्वचित बघितला. आपण केलेलं काम कुणालाच दिसलं नाही, याचा आनंद होणारा दुसरा माणूस मला अजून भेटायचा आहे.

जाता जाता म्हातारी दादाच्या तोंडाकडं बघून म्हणाली, “अन् तुझे दात कुनी खाल्ले रे लेकरा?”

दादानं ओठ मिटले. मी म्हणालो, “सांगा, सांगा त्याला. माझं ऐकत न्हाई.”

०

पालमकडचे एक मोठे बागायतदार होते. नाना म्हणू त्यांना. जीपमधून आले. मागं गडी, गड्याच्या हातात तांब्या आणि पेला. मला वाटलं देवदर्शनाला निघालेत आणि वाटेत थांबलेत. तसं नव्हतं. आमच्याकडं खुर्चीशेजारी चूळ भरायला पाण्याचा ग्लास असायचा. नानांनी त्याला हात लावला नाही. गड्यानं तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं आणि नानांनी आपल्या पाण्यानं चूळ भरली.

माझं डोकं फिरलं. मी दादाला मागं बोलावलं. “उठव त्याला. न्हाईतर मी उठवतो.”

“कामून?”

“तुझी बोटं तोंडात चालतात आणि आपलं पाणी चालत न्हाई?”

दादा हात पुसत होता. म्हणाला, “त्याचं तोंड माझ्या हातात हाय, बबन. तांब्या राहू दे की त्याच्या हातात.”

काम बरेच दिवस चाललं. नानांचे दात पानानं आणि वयानं सपाट झाले होते. भाकरी दुधात कुस्करून खायचे. दर खेपेला जीप, गडी, तांब्या. मी मागच्या खोलीत कानस जोरानं चालवायचो.

शेवटचा दिवस आला. आता दादाची एक रीत सांगायला पाहिजे. त्यानं दात बसवले की पेशंटला तसाच घरी सोडायचा नाही. वहिनीनं डब्यात ज्वारीची भाकरी दिलेली असायची. ती पेशंटनं त्याच्यासमोर चावून खायची. भाकरी चावता आली तर काम झालं, नाहीतर पुन्हा घासायचं. हा नियम सगळ्यांना होता.

दादानं डबा उघडला आणि नानांच्या पुढं भाकरीचा चतकोर धरला.

नाना भाकरीकडं बघत राहिले. गडी नानांकडं बघत राहिला.

“घरी खाऊन बगतो,” नाना म्हणाले.

“घरी टोचलं तर पालमहून परत यावं लागंल. एवढ्यासाठी कशाला?” दादाचा आवाज नेहमीसारखाच.

मी कानस थांबवली होती. मग नाना गड्याला म्हणाले, “तू जीपपाशी थांब जा.”

गडी गेला. नानांनी तुकडा तोंडात घातला. हळूच एक चावा. मग दुसरा. कित्येक वर्षांनी भाकरी दातांनी तुटत होती. ती कशी तुटते ते ते ऐकत असावेत, असं त्यांचं तोंड झालं होतं. चतकोर संपला. दादानं विचारलं, “टोचतंय कुठं?”

नानांनी मान हलवली. डब्याकडं बघितलं.

“कुनी केली भाकर?”

“माझ्या बायकोनं.”

नानांनी बोटाला लागलेला कण तोंडात टाकला. “चटणी हाय का?”

पुढच्या वेळी नाना दाखवायला आले तेव्हा तांब्या होता. गडी मात्र आणला नव्हता. तांब्या स्वतःच्या हातात धरून आले होते.

हे मी घरी वहिनीला रंगवून सांगितलं. म्हटलं, दादासारखा थंड डोक्याचा माणूस नाही. त्याच्या जागी मी नाही म्हणून बरं, नाहीतर दवाखाना पहिल्याच दिवशी बंद पडला असता. वहिनी भाकरी थापत होती.

“थंड कशाचे? दिवसा जे बोलत न्हाईत ते रातच्याला चावत्यात,” ती म्हणाली. “झोपंत करकर वाजतं ते काय हाय मग?”

मी त्या दिवशी दादाला पुन्हा म्हटलं, तुझे दात करू. तो म्हणाला, उद्या.

०

हा आता शेवटचा. बाकावर मी हा अजून कुणाला सांगितलेला नाही.

दादाला कावीळ झाली. आधी डोळे, मग नखं, मग सगळाच पिवळा पडला. परभणीच्या दवाखान्यात राहून आला. डॉक्टरांनी घरी पाठवलं, पडून राहा म्हणाले. गावागावांतून माणसं झाडपाला घेऊन येत होती. वहिनी ऊस सोलून रस काढायची. आपला दवाखाना बंद होता आणि दादाला आयुष्यात पहिल्यांदा काही काम नव्हतं.

एक दिवस सकाळी मला म्हणाला, “बबन, आज तुझी हौस करून घे.”

मला आधी कळलंच नाही. त्यानं बोटानं ओठ वर केला आणि दात दाखवले.

दात घासायचे नव्हते, सुई नव्हती. झिजलेल्या दातांवर वरून चढवायची पातळ खोळ करायची होती. काढता येते, घालता येते. मी साच्याचं सामान घेऊन आलो. वहिनीनं त्याला उशी लावून बसवलं. मी कालवायचं सोडून वाटीच पुन्हा पुन्हा पुसत बसलो. दादा म्हणाला, “आधी कालव, मग घाबर. ते लवकर घट्ट होतं.”

मी साचा त्याच्या तोंडात धरला. माझी बोटं पहिल्यांदा त्याच्या तोंडात. तो घट्ट होईपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही. म्हणजे जन्मात पहिल्यांदा मी बोलणार आणि दादा ऐकणार. मी बोललो. काय बोललो ते सांगत नाही. मध्येच तो बाजेच्या लाकडावर बोटानं टकटक करायला लागला. मी घाबरून थांबलो. तो नुसता खुणेनं म्हणाला, साचा वाकडा झालाय, सरळ धर.

साचा काढल्यावर त्यानं आधी मला हात धुवायला लावले. स्पिरिटनं, दोनदा. वहिनीलाही सांगितलं, “याचे हात बघ नीट धुतले का.”

मग मी दवाखाना उघडला आणि मागच्या खोलीत बसलो. फट सारखी ठेवली. चावा जुळवला. रंगासाठी मात्र पुन्हा पुन्हा घरी येऊन त्याच्याकडं बघून गेलो. चेहरा हळदीसारखा. यावर पांढरे दात चुना लावल्यासारखे दिसतील. म्हणून मी दातांच्या पुडीत पिवळा रंग जरा जास्त घातला. खोळ तयार झाली. दादाच्या ओठाशी धरून बघितली तर इतकी जुळली होती, की मी स्वतःवरच खूश झालो. गयाबाईंच्या कामासारखी. कुणाला कळलं नसतं.

दादानं ती हातात घेऊन खिडकीकडं धरली. बराच वेळ बघितली.

“फट चांगली ठेवलीस,” म्हणाला. “रंग कुणाचा बघून धरलास?”

“तुझाच की. तीनदा बघून गेलो.”

“हा आजारी माणसाचा रंग हाय.” त्यानं खोळ माझ्या हातात परत दिली. “बऱ्या माणसाचा धर.”

मी ती फडक्यात गुंडाळली. परत दवाखान्यात गेलो. पिवळी पूड मागं सारली, आणि दादा चांगला होता तेव्हा चाचांच्या दुकानासमोरच्या उन्हात पेशंटवर वाकायचा तो चेहरा डोळ्यांपुढं आणून रंग कालवला. दुसरी खोळ केली. संध्याकाळ व्हायला आली होती. करीमचाचा माझ्याबरोबरच आले, विचारपूस करायला.

दादा उठून बसला. वहिनीनं आरसा धरला. त्यानं खोळ स्वतःच्या हातानं चढवली, चावा दाबून बघितला आणि ओठ उघडले. पिवळ्या चेहऱ्यात ते दात इतके पांढरे दिसले, की वहिनीनं आरसा बाजूला घेतला.

चाचांना राहवलं नाही. दारातूनच म्हणाले, “डाक्टरसाब, दांत जरा ज्यादा सफेद नै हुए?”

“थांबा चाचा,” दादा म्हणाला. “दात आधी बरे झालेत. मी येतो मागून.”

आणि हसला. ओठ न मिटता, सगळे दात दाखवून हसला.